पाचव्या क्रमांकाचं चंदीगड

ईश्वरी भोईटेचं अठरा वर्षांची होईतो पाच गावांत राहून झालं होतं आणि त्यातलं एकही गाव तिनं निवडलेलं नव्हतं. भूज, जोरहाट, तांबरम, पुणे आणि आता चंदीगड. वडील हवाई दलात. बदलीचा हुकूम यायचा, काळ्या लोखंडी पेट्या पलंगाखालून बाहेर निघायच्या आणि पंधरा दिवसांत नवी शाळा, नव्या बाई, नवा बाक. एखादी मैत्रीण जिवाभावाची होते न होते तोच गाडीची तिकिटं हातात. तिनं तक्रार अशी फारशी केली नाही. बारावीच्या वर्षी मात्र एकदा जेवताना तिनं सांगून टाकलं, "इस बार जगह मैं चुनूँगी, पापा. पक्का?"

"पक्का," भानुदास म्हणाला.

शालिनीनं भाकरी वाढता वाढता नवऱ्याकडे पाहिलं. "लिहून घे गं बापाकडनं," ती लेकीला म्हणाली. तिघंही हसली.

ईश्वरीला अर्थशास्त्र शिकायचं होतं. हे वेड लागलं ते अकरावीत. बाईंनी वर्गाला आठवडाभर सेक्टर सव्वीसच्या मंडईत टोमॅटोचे भाव टिपायला पाठवलं होतं. बाकीच्यांनी आठवड्यात काम उरकलं. ही चार महिने सायकलवर जात राहिली. मंडईतला टोमॅटो क्वार्टरच्या दारातल्या गाडीवर येईपर्यंत दुप्पट महाग का होतो, याचं उत्तर तिला कुणी धड देईना. तेव्हा ते आपणच शोधायचं, असं तिनं ठरवलं.

अर्थशास्त्राच्या पदवीसाठी सात विद्यापीठांची मिळून एकच प्रवेशप्रक्रिया होती. एक परीक्षा, एक संकेतस्थळ आणि सात नावांचा आपला आपण लावायचा क्रम. ईश्वरीनं दोनशे पानी वही घेतली, त्यात तक्ता आखला आणि महिनाभर ती सातही अभ्यासक्रम वाचत बसली. हैदराबादला शिकणारी लातूरची आश्लेषा नावाची मुलगी तिनं कुठूनशी शोधून काढली. आश्लेषा रोज दहा-दहा मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवायची. हैदराबादला तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्यांना दोन महिने एखाद्या गावात राहून स्वतः पाहणी करावी लागते, हे तिच्याकडूनच कळलं. ते ऐकल्यावर तक्त्याचा निकाल लागल्यासारखाच होता. हैदराबाद पहिलं. मग दिल्ली, पुणे, बंगळूर. पाचवं चंदीगड. मग वाराणसी आणि शेवटी जम्मू.

"चंदीगड एवढं खाली?" भानुदासनं विचारलं होतं. "इथले शिक्षक चांगले आहेत म्हणतात. लायब्ररी तर लांबून बघायला लोक येतात."

"अच्छा है ना, मैं कहाँ बुरा बोल रही हूँ. पण मला तिकडे जायचंय, पापा."

जूनभर ती वही जेवणाच्या टेबलावर उघडी पडलेली असायची. भानुदासनं ती कधी वाचली नाही.

भानुदास फलटणजवळचा. एकोणिसाव्या वर्षी भरती झाला आणि चोवीस वर्षांच्या नोकरीत वॉरंट ऑफिसर झाला. इंजिनांच्या दुरुस्तीवर त्याचा हात बसलेला होता आणि पुस्तिका वाचल्याशिवाय हा माणूस साधा नट फिरवत नाही, अशी त्याची ख्याती होती. हाताखालच्या पोरांना तो म्हणायचा, "तुला काय वाटतंय ते घरी. इथं पुस्तकात काय लिहिलंय ते सांग."

पण एका बाबतीत पुस्तक नव्हतं, आणि ती बाब म्हणजे बदलीचा फॉर्म. त्यात तीन गावांची पसंती लिहायची असते. गाव मात्र दलाच्या गरजेप्रमाणे मिळतं. कसं मिळतं ते कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून त्यावर जो तो आपली अक्कल चालवतो. बराकीत, मेसमध्ये, गाडीच्या डब्यात, जिथं चार हवाई सैनिक बसतील तिथं हा विषय निघतो आणि शेवट एकाच शहाणपणावर होतो: पहिल्या नावावर काट मारतात, दुसऱ्यावर शिक्का. मनातलं गाव वर लिहायचं नाही. भानुदासनं पुणं दोनदा पहिलं लिहिलं. एकदा जोरहाट मिळालं, एकदा तांबरम. तिसऱ्यांदा त्यानं वर भूज लिहिलं आणि पुणं दुसरं. पुणं मिळालं. चौथ्यांदा वर जोरहाट, दुसरं चंदीगड. चंदीगड मिळालं. दोनदा पारखून घेतलेली गोष्ट त्याच्या लेखी पुस्तकात छापल्यासारखीच होती.

पसंतीक्रम पक्का करायचा शेवटचा दिवस गुरुवार, संध्याकाळी पाचपर्यंत. ईश्वरीनं नावं बुधवारीच भरली होती. गुरुवारी सकाळी क्रमाला कुलूप लावू म्हणाली तर संकेतस्थळ उघडेना. दुपारी तिची मोहालीला दुसरी एक परीक्षा होती आणि आत मोबाइल न्यायला बंदी. निघताना तिनं पासवर्डची चिठ्ठी वडिलांच्या खिशात सरकवली.

"सिर्फ लॉक करना है, पापा. बाकी कशाला हात लावू नका."

"मी काय पोर आहे का?"

"म्हणूनच सांगतेय," ती हसत म्हणाली आणि रिक्षात बसली.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला त्यानं ऑफिसात पान उघडलं. सार्जंट कृष्णा मेश्राम चहाचे दोन ग्लास घेऊन आला. कृष्णा वर्ध्याचा. इतरांसमोर तो भानुदासला सर म्हणायचा आणि दोघंच असले की भाऊ.

"काय करून राहिले, भाऊ?"

"पोरीचा फॉर्म. कुलूप लावायचंय."

कृष्णा पडद्याकडे वाकला. "हैदराबाद पहिलं? खरंच हैदराबादच पाहिजे का तिले?"

"तेच पाहिजे."

"मंग वर कायले लिहिलं, बावा?" कृष्णानं कपाळावर हात मारला. "चोवीस वर्षं नोकरी केली तुमी. पोरीले एवढं नाही शिकवलं?"

"अरे, हे वेगळं असतंय. जागा कॉम्प्युटर देतो."

"अन् कॉम्प्युटरच्या मागं कोण बसते? बाबूच बसला असन ना! मी नागपूर नागपूर लिहित राहिलो, मले श्रीनगर दाखवलं. वर अशी जागा टाका भाऊ, जी गेली तरी दुःख नाही. काट तिच्यावर बसली की झालं." चहा संपवून, रिकामा ग्लास हलवत तो निघून गेला. त्याच्या दृष्टीनं ती चहाबरोबरची गंमत होती.

भानुदास एकटाच पडद्यासमोर बसून राहिला. नियमांची शेहेचाळीस पानी पुस्तिका त्याच पानावर एका बाजूला होती. बोट लावलं असतं तर उघडली असती. त्याला मात्र जोरहाटचा पाऊस आठवला. तांबरमला पहिल्या दिवशी वर्गात कुणाचीच भाषा कळेना म्हणून रडत घरी आलेली सात वर्षांची ईश्वरी आठवली. दोन्ही वेळा आपण मनातलं नाव वर लिहिलं आणि हातचं घालवलं. पोरीच्या पहिल्या फॉर्मला तरी ते होऊ नये.

त्यानं पाचव्या क्रमांकाचं चंदीगड माउसनं धरलं आणि ओढत वर नेलं. वरची चार नावं मुकाट्यानं एकेक पायरी खाली उतरली. 'एकदा निश्चित केल्यावर बदल करता येणार नाही. खात्री आहे?' अशी चौकट आली. तीन वाजून चाळीस मिनिटांनी त्यानं 'हो' दाबलं.

संध्याकाळी ईश्वरी चपला काढता काढताच म्हणाली, "लॉक किया?"

"केलं."

"कुछ छेड़ा तो नहीं?"

"नाही गं बाई."

हे खोटं त्याला त्या वेळी फार छोटं वाटलं. हैदराबाद मिळालं की सांगू, म्हणजे हसू येईल, असं तो मनाशी म्हणाला.

यादी मंगळवारी सकाळी दहाला लागली. भानुदासनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. शालिनीनं शिरा केला होता, पण 'आधी बघू दे' म्हणून झाकून ठेवला होता. ईश्वरीनं नंबर टाकला. पान उघडलं आणि सगळ्यात वर हिरव्या अक्षरांत ओळ आली: 'अभिनंदन! आपल्याला आपला पहिला पर्याय मिळाला आहे.'

ईश्वरी किंचाळली. आईच्या गळ्यात पडली. शालिनी "थांब, थांब गं, पडशील," म्हणत हसत होती आणि डोळेही पुसत होती. ईश्वरी मग वडिलांकडे वळली आणि तिनं त्यांना घट्ट मिठी मारली. त्या मिठीत उभा असताना भानुदासला तिच्या खांद्यावरून पडदा दिसत होता. हिरव्या ओळीच्या खाली काळ्या अक्षरांत चंदीगड होतं. ते त्यानं वाचलं आणि तरीही मिठी सोडली नाही. पुढं कितीतरी दिवस त्याला स्वतःची सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या अर्ध्या मिनिटाची.

ईश्वरी परत खुर्चीवर बसली. वाचलं. "ये गलत है," ती म्हणाली. मग तिनं पान खाली सरकवलं. पसंतीक्रम: एक, चंदीगड. दोन, हैदराबाद. तिनं मान वर केली.

"पापा?"

"दुसऱ्या नंबरला हैदराबादच ठेवलं होतं गं," भानुदास म्हणाला. "तेच मिळावं म्हणून. वरचं कधी देत नाहीत. आमच्याकडं..."

"पहला मिल गया तो दूसरा कोई क्यों देखेगा?"

तिनं आवाज चढवला नाही. तांबरमच्या पहिल्या दिवशीसारखी ती रडलीही नाही. लहान मुलाला बेरीज समजावून सांगावी तसं ती म्हणाली, "ये आपकी पोस्टिंग नहीं है, पापा. इथं जे पहिलं लिहिलंय आणि मार्कांत बसतंय, तेच देतात. पुस्तिकेत लिहिलंय. पान एकोणीस."

शालिनी दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती. "म्हणजे काय झालंय?" तिनं विचारलं. शिरा झाकलेलाच राहिला.

भानुदासनं मदतीच्या क्रमांकावर अकरा वेळा फोन लावला. बाराव्यांदा एक बाई बोलल्या. त्यानं रँक सांगितला, नोकरीची वर्षं सांगितली, चूक माझी आहे, पोरीची नाही, हे तीनदा सांगितलं.

"सर, आपको तो फर्स्ट प्रेफरेन्स मिली है," बाई अदबीनं म्हणाल्या. "लोग इसके लिए रोते हैं."

पुढच्या फेऱ्या होत्या, पण त्या वरच्या पसंतीकडे सरकू पाहणाऱ्यांसाठी. ईश्वरीच्या वर आता काही उरलंच नव्हतं. जागा सोडली तर सातही दारं वर्षभर बंद. फोन ठेवून त्यानं पान एकोणीस उघडलं. नियम चार ओळींचा होता आणि सरळ भाषेत लिहिलेला होता. समजायला अर्धं मिनिट लागलं.

दोन दिवसांनी प्रत्येक ठिकाणचे शेवटचे गुण जाहीर झाले. हैदराबाद सहाशे बारावर बंद झालं होतं. ईश्वरीला सहाशे एक्केचाळीस होते. क्रमाला हात लागला नसता तर तिचं नाव आरामात लागलं असतं.

त्या संध्याकाळी ती गॅलरीत उभी राहून आश्लेषाचा मेसेज ऐकत होती. कानात काही घातलं नव्हतं, त्यामुळं आतपर्यंत ऐकू येत होतं. "अगं, कुठं गायब झालीस? माझ्या शेजारचा पलंग मी वॉर्डनला सांगून धरून ठेवलाय. खिडकीजवळचाय. पंखा थोडा कुरकुरतो, सवय होईल..." ईश्वरीनं मेसेज शेवटपर्यंत ऐकला. मग उत्तर टाईप केलं. ते दोनच शब्दांचं असावं, इतक्या लवकर झालं.

ती आत गेल्यावर शालिनी दोरीवरचे कपडे काढत भानुदासजवळ आली.

"एक विचारू?"

"विचार."

"वर टाकायला सहा नावं होती. जम्मू होतं, वाराणसी होतं. चंदीगडच का उचललंत?"

"कृष्णा म्हणाला, गेली तरी दुःख नाही अशी जागा..."

"कृष्णाचं राहू द्या." तिनं हातातल्या शर्टाची घडी घातली. "गेली तरी दुःख नाही म्हणून टाकलीत, का आली तर बरं म्हणून?"

भानुदासनं त्या दुपारचा तो क्षण पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. माउस, पडदा, पाचवं नाव. त्या क्षणी मनात काय होतं, ते त्याला काही केल्या सापडेना. इंजिन उघडून बघता येतं, कुठला भाग झिजलाय ते कळतं. इथं सगळं नीट बसलेलं दिसत होतं आणि तरी कुठंतरी खडखडत होतं.

"पुढच्या वर्षी परत परीक्षा देऊ दे का तिला?" त्यानं शेवटी विचारलं.

"तिलाच विचारा. आता तरी."

त्यानं विचारलं. ईश्वरी म्हणाली, "नको. पुढच्या वर्षी मार्क एवढे पडतीलच असं नाही." आणि शुक्रवारी तिनं चंदीगडची जागा स्वीकारली. त्या वेळी ती एकटी बसली होती आणि दार आतून लावलेलं होतं. या घरात तिनं दाराला कडी लावण्याची ती पहिलीच वेळ.

ऑगस्टमध्ये भानुदासच्या हाती त्याचा स्वतःचा फॉर्म आला. नोकरीतली शेवटची बदली, त्यानंतर पेन्शन. संध्याकाळी त्यानं तो ईश्वरीपुढं ठेवला आणि वर पेन ठेवलं.

"तू भर."

तिनं फॉर्म पाहिला. वहीवरून मान वर केली, तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"आपका फॉर्म है, पापा. मी कसा हात लावू?"

तो पेन घेऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसला. मनात होतं तेच पहिलं लिहिलं. पुणे. खालच्या दोन जागा त्यानं कोऱ्या सोडल्या.

ऑक्टोबरअखेर हुकूम आला. पुणे. कृष्णा पेढे घेऊन ऑफिसात शिरला. "भाऊ, नियम मोडला की राव तुमी! पहिलंच नाव..." एवढं बोलून तो थांबला. हातातला पेढ्यांचा डबा त्यानं टेबलावर ठेवला आणि कुणी बोलावलं नसताना "आलोच" म्हणून निघून गेला. पहिल्या दोन वेळा पुण्यात जागा नसेल, एवढंच, भानुदासच्या मनात आलं. नंतरच्या दोन वेळा दुसऱ्या क्रमांकाच्या गावात जागा असेल. त्यात कुणाची काट नव्हती, शिक्का नव्हता आणि अक्कलही नव्हती.

डिसेंबरात क्वार्टर सोडायचं होतं, म्हणून ईश्वरी आधीच विद्यापीठाच्या होस्टेलवर राहायला गेली. अभ्यासात ती चांगली होती. पहिल्या चाचणीत वर्गात दुसरी आली. फोनवर विचारलं तर "ठीक है" म्हणायची. सव्वीसच्या मंडईत मात्र ती पुन्हा गेली नव्हती. सायकल जिन्याखाली तशीच होती. ती शालिनीनं शेजारच्यांना देऊन टाकली.

सामान बांधताना भानुदासला ती दोनशे पानी वही सापडली. या वेळी त्यानं ती वाचली. सात आडव्या ओळी, प्रत्येकीपुढं बारीक अक्षरांत गणिताचे पेपर, वसतिगृह, जमेच्या बाजू, उण्या बाजू. हैदराबादपुढं 'दो महीने गाँव' याला खाली दोन रेघा. चंदीगडच्या ओळीत जमेच्या बाजूला बरंच काही होतं: शिक्षक, ग्रंथालय, आईच्या हातचं जेवण. उण्या बाजूला एकच वाक्य होतं. 'पापा का टेन्योर इस साल खत्म. उसके बाद यहाँ कौन?'

महिनाभर ते वाक्य त्याच्या ताटापासून हातभर अंतरावर उघडं पडलेलं होतं. त्यानं वही मिटली आणि कुठल्या पेटीत ठेवावी ते न कळून बराच वेळ हातातच धरून बसला.

निघायच्या आदल्या दिवशी रविवार होता. ईश्वरी सकाळीच आली. पेट्यांवर पत्ता रंगवायचं काम पाचवीपासून तिचं. तिचं अक्षर सुंदर. दर बदलीला जुन्या नावावर काळा हात मारायचा आणि त्यावर पांढऱ्या रंगानं नवं गाव लिहायचं. भोईटे, नंबर, गाव. तिनं वर्तमानपत्र अंथरलं, केस वर बांधले आणि आठ पेट्यांवरचं चंदीगड एकेक करून पुसलं. आठही पेट्यांवर पुणे लिहिलं. कुठं ओघळ आला नाही.

"तुझी पेटी?" भानुदासनं विचारलं. होस्टेलवर नेलेली नववी पेटी त्याला आठवली. "तिच्यावर काही लिहिलंस का?"

ईश्वरी ब्रश रॉकेलमध्ये बुडवून धूत होती.

"ती कुठं जातेय, पापा?" ती म्हणाली. "तिच्यावर आधीचंच बरोबर आहे."

ब्रश तिनं जुन्या बनियनला पुसला, रंगाच्या डब्याचं झाकण घट्ट बसवलं आणि डबा वडिलांच्या सामानात ठेवला. मग आठवल्यासारखं करून परत काढला आणि शेजारच्यांच्या दाराशी नेऊन ठेवला. पुण्यानंतर या घराला बदली नव्हती.